सारेच म्हणून राहिले!

‘सावधान! आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी फिरतेय. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.’ हा मेसेज तुमच्याही मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेला असेलच. सोबत एखादा धूसर व्हिडिओ. दोन मीटिंगच्या मधल्या पाच मिनिटांत आपण तो पुढे ढकलतो. चुकून खरा निघाला तर? आपण आपलं कर्तव्य केलं, बस्स!

माझ्यापर्यंत तो सिहोऱ्याहून आला, मावशीकडून. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका. धानाची शेती, आणि थोडं पुढे गेलं की मध्य प्रदेश. फोन करून विचारलं, ‘मावशी, तू पाहिलं का कोणाला?’ तर म्हणते, ‘मी नाही पाहिलं बाप्पा, पण सारेच म्हणून राहिले ना!’

सारेच म्हणून राहिले. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यातही सारेच म्हणत होते. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते, बहुतेक जण सोलापूरच्या मंगळवेढा भागातले. मुलं पळवणारे म्हणून लोकांनी त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि पाचही जणांना मारून टाकलं. मारहाण चालू असताना काही जण मोबाइलवर शूटिंग करत होते.

त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीत बनला होता, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करण्यासाठी! मूळ फिल्ममध्ये मोटरसायकलवाला उचललेलं पोर परत आणून सोडतो आणि संदेशाचा फलक दाखवतो. कुणीतरी नेमका तेवढाच भाग कापला. उरली फक्त भीती. आणि भीतीला चेहरा लागतो. तो नेहमी अनोळखी माणसाचा असतो; त्यातही ज्याच्या बाजूने बोलायला गावात कुणी नसतं, त्याचा. अनेक भटक्या जमातींवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला होता. १९५२ मध्ये कायदा गेला. संशय कुठे गेला?

‘खेड्यातली अडाणी माणसं, दुसरं काय,’ असं कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणतंच. मला हे वाक्य फार सोयीचं वाटतं. १६९२ मध्ये अमेरिकेतल्या सेलममध्ये काही मुलींना झटके येऊ लागले आणि चेटकिणींचा शोध सुरू झाला. तिथे जमाव नव्हता, रीतसर कोर्ट होतं, शिकलेले न्यायाधीश होते. ‘तिची सावली येऊन मला छळते’ हा पुरावा त्यांनी चक्क मान्य केला! १९ जणांना फाशी झाली, एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. पुढे १७११ मध्ये नुकसानभरपाई दिली गेली.

आणि बळी जायला भिक्षेकरीच असावं लागतं असंही नाही. राईनपाड्यानंतर दोन आठवडेही झाले नव्हते. आपल्या सीमेला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यात हैदराबादचा एक सॉफ्टवेअर इंजिनिअर मित्रांबरोबर गेला होता. आपल्यासारखाच, वीकेंडच्या सुमारास गाडी काढून निघालेला. त्यांनी वाटेत शाळकरी मुलांना चॉकलेटं दिली. मेसेज फिरले, पुढच्या गावात रस्ता अडवला गेला. तो वाचला नाही.

त्याच जुलैत सुप्रीम कोर्टाने राज्यांना झुंडबळी रोखण्याचे निर्देश दिले. व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्डची मर्यादा आणली. पण पाचाचे पंचवीस व्हायला किती वेळ लागतो? १६ एप्रिल २०२०, लॉकडाउन. पालघरमधल्या गडचिंचले गावाच्या आसपास चोर आणि मुलं पळवणारे फिरताहेत अशी अफवा होती. दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर अंत्यविधीसाठी सुरतकडे निघाले होते. जमावाने त्यांना गाठलं तेव्हा पोलीस तिथेच होते. तिघंही गेले.