मुलीची सही आणि बापाचे मृत्युपत्र

गोमंतकाचा कौटुंबिक कायदा उर्वरित भारताहून पुढारलेला आहे, असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. हा अभिमान अनाठायी नाही. १३ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निवाड्यात गोमंतकातील समान नागरी कायद्याचा गौरव केला. गोमंतकीयाची मालमत्ता भारतात कोठेही असो, तिचा वारसाहक्क येथील कायद्यानेच ठरेल, असेही त्याच निवाड्यात स्पष्ट झाले. वाद मुंबईतील मालमत्तेचा होता, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे. तथापि कायदा पुढारलेला असला म्हणून समाज पुढारलेला ठरत नाही. कायद्याने मुलीच्या हाती ठेवलेला वाटा समाज तिच्याच सहीने काढून घेत असेल, तर आपला अभिमान किती खरा, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

१८६७ सालची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. १९६१ साली परकीय सत्ता गेली, पण १९६२ च्या केंद्रीय कायद्याने येथील प्रचलित कायदे चालू ठेवले. पुढे खुद्द पोर्तुगालने ती संहिता मोडीत काढून १९६६ साली नवी आणली. आपण मात्र जुनीच जपली. वारसाहक्कापुरती तिची जागा आता विधानसभेने संमत केलेल्या २०१२ च्या गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कायद्याने घेतली असून तो सप्टेंबर २०१६ पासून अमलात आहे. जी सत्ता आपण झुगारून दिली तिचा हा वारसा आपण विचारपूर्वक ठेवला, कारण त्याच्या मुळाशी न्यायाचे तत्त्व आहे.

हे तत्त्व समजावयास कठीण नाही. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची सारी मालमत्ता सामाईक होते आणि तीत दोघांचा अर्धा-अर्धा हिस्सा असतो. पती निवर्तला तर पत्नीचा अर्धा हिस्सा तिचाच राहतो. तो तिला कोणाच्या कृपेने मिळत नाही. उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा अर्धा भाग मुलांसाठी कायद्याने राखलेला असतो आणि तेथे मुलगा-मुलगी असा भेद नाही. मृत्युपत्राने आपल्या मर्जीप्रमाणे द्यावयास माणसाच्या हाती राहतो तो फक्त दुसरा अर्धा.

एक उदाहरण घेऊ. दांपत्याची मालमत्ता ८० लाखांची आणि मुले चार आहेत. पतीच्या मृत्यूनंतर ४० लाख पत्नीचे. राहिलेल्या ४० लाखांपैकी २० लाख चारही मुलांचे, प्रत्येकी ५ लाख. उरलेले २० लाख पतीने मृत्युपत्राने एका मुलाला दिले, तर त्याला एकूण २५ लाख मिळतील. पण बाकीच्या तिघांचे ५-५ लाख कोणी हिरावू शकत नाही. मृत्युपत्र केलेच नसेल, तर चौघांना प्रत्येकी १० लाख.

असे असता ‘मी सगळे थोरल्याच्या नावावर लिहून ठेवले आहे’ असे सांगणारे गृहस्थ गावोगाव भेटतात. मुंबईतील किंवा सावंतवाडीकडील नातलगाचा सल्ला ते प्रमाण मानतात. तिकडे १९५६ चा हिंदू वारसा कायदा चालतो. त्या कायद्याखाली स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने हवी त्याला देता येते. येथे तसे नाही. राखीव वाट्यावर अतिक्रमण करणारे मृत्युपत्र त्या प्रमाणात छाटले जाते. तसेच घरी कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या की काम झाले, हाही तिकडचाच समज; येथे मृत्युपत्र विशेष नोटरीपुढे, म्हणजे उपनिबंधकाच्या कार्यालयात, रीतसर करावे लागते.

परंतु अज्ञानापेक्षाही गंभीर गोष्ट वेगळीच आहे. बापाचे बारावे-तेरावे उरकते न उरकते तोच लग्न झालेल्या मुलींपुढे हक्कत्यागाचा दस्तऐवज ठेवला जातो. वारसांच्या निश्चितीत मुलीचे नाव येणारच आणि तिच्या व जावयाच्या सहीवाचून बागायत विकता येणार नाही. म्हणून कायद्याने हक्काची खूण म्हणून दिलेली सही हीच हक्क सोडण्याची सही होऊन बसते. ‘तुझे लग्न केले, दागिने घातले, आता आणखी काय हवे?’ हा प्रश्न क्वचित उघडपणे विचारला जातो; न विचारताही तो ऐकू येतो. चवथीला माहेरचे दार उघडे राहावे, एवढ्यासाठी अनेक मुली सही करून मोकळ्या होतात. लग्नात दिलेल्या वस्तूंचा हिशेब मांडावयाचाच असेल, तर मुलाच्या शिक्षणाला आणि धंद्याला दिलेल्या पैशांचाही मांडला पाहिजे. हयातीत मुलांना दिलेल्या देणग्या वाटणीच्या वेळी हिशेबात घेण्याची तरतूद कायद्यात आहेच.

कोणी म्हणेल, बहिणीने भावाला आपखुशीने दिले तर त्यात वावगे काय? काहीच नाही. ज्या भावाने आईवडिलांची शेवटपर्यंत सेवा केली आणि घर राखले, त्याला झुकते माप मिळणे न्याय्यच आहे. पण ते माप देण्याचा मार्ग कायद्याने बापाच्या हाती ठेवला आहे. त्याच्या मर्जीचा अर्धा भाग त्यासाठीच आहे. त्याने हयातीत, शुद्धीवर असताना, उपनिबंधकापुढे जाऊन आपली इच्छा नोंदवावी. ती न नोंदवता निघून जावयाचे आणि त्या मौनाची किंमत मुलीकडून वसूल होऊ द्यावयाची, हा न्याय नव्हे. खरा त्याग तोच, जो आपला वाटा किती हे ठाऊक असताना केला जातो. जिवंत माणसाच्या वारशाचा त्याग कायदा मुळी मानतच नाही, हेही मुलींनी लक्षात ठेवावे; आणि मृत्यूनंतर केलेला त्याग सहजासहजी मागे घेता येत नाही, हेही.

या औदासीन्याची फळे सर्वत्र दिसतात. माड उभे आहेत, पण पाडेली लावावयाचा कोणी, हे ठरत नाही. वाडवडिलांच्या घराला कुलूप असते आणि वारस मुंबईत, आखातात नाही तर लिस्बनमध्ये. फॉर्म १ व १४ वर आजोबांचेच नाव चालू असते. दोन-तीन पिढ्या वाटणी झाली नाही की सह्यांची संख्या चारवरून चाळीसवर जाते. मग न्यायालयातील इन्व्हेंटरीवाचून गत्यंतर उरत नाही. तेथे मालमत्तेची यादी व मूल्यांकन होते, वारसांमध्येच बोली लागते आणि ज्याच्या गाठीला पैसा त्याच्याकडे घर जाते. ज्याने ते सांभाळले, त्याच्याकडे ते जाईलच असे नाही.

सरकारलाही यात कर्तव्य आहे. मूळ संहिता पोर्तुगीज भाषेत, नवा कायदा इंग्रजीत आणि ज्यांच्या घरादाराचा प्रश्न ते वाचतात मराठी व कोकणी. सुबोध मराठी-कोकणी पुस्तिका प्रत्येक उपनिबंधक कार्यालयात आणि पंचायतीत मिळावयास हवी. हक्कत्यागाच्या दस्तऐवजावर सही करण्यापूर्वी मुलीला तिचा वाटा किती, हे भावांच्या अनुपस्थितीत तिच्या भाषेत समजावून सांगण्याचे बंधन अधिकाऱ्यावर घालावे. यासाठी खर्च फारसा नाही; हवी आहे ती इच्छा.

मृत्युपत्राचा विषय काढणे आपल्याकडे अशुभ मानतात. वस्तुतः मृत्युपत्राने मरण जवळ येत नाही; ते न केल्याने भावंडे मात्र दूर जातात. ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांनी या चवथीला, सर्व मुले घरी जमतील तेव्हा, मालमत्तेची यादी काढून त्यांच्यापुढे ठेवावी. पत्नीला शेजारी बसवावे, कारण अर्धी मालमत्ता तिची आहे. आणि मुलींना विचारावे. त्यांचे मत विचारले गेले, एवढ्यानेही कित्येक घरांतील पुढचे खटले टळतील.