क्रोएशियाएवढं कोल्हापूर

मी कॉन्व्हेंटचा, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण मुद्दा आपल्या घरचा आहे.

क्रोएशियाची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ३८.७ लाख. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची २०११ मध्ये ३८.७६ लाख. म्हणजे सेम टू सेम! त्यांनी २०१८ च्या वर्ल्ड कपची फायनल गाठली आणि त्यांचा कॅप्टन, मिडफिल्डर लुका मॉड्रिच, त्याच वर्षी बॅलन डिऑर घेऊन गेला. युद्धामुळं घर सुटलेला, झादर गावात हॉटेलात निर्वासित म्हणून वाढलेला हा पोरगा. किरकोळ अंगाचा म्हणून एका मोठ्या क्लबनं नाकारला, पण झादरच्या क्लबनं सोडला नाही.

आपल्याकडं अनिकेत जाधव. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये भारताकडून पुढच्या फळीत खेळला. पण त्यासाठी त्याला लहानपणीच पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं. हेच मला खटकतं.

पाटाकडील विरुद्ध दिलबहार म्हटलं की शाहू स्टेडियम फुल्ल, पेठेत नाद खुळा! पण दहा वर्षांच्या पोराला ट्रॅपिंग-पासिंग रोज कोण शिकवणार? माझ्या मते प्रत्येक तालमीनं फटाक्यांचे पैसे वाचवून लहान पोरांसाठी एक लायसन्सवाला कोच ठेवावा. कुणाला राग आला तर येऊ दे.

मी स्वतः दहावीला बूट ठेवून क्लास लावला. घरचे म्हणाले, "फुटबॉलनं पोट भरतंय व्हय?" मला उत्तर देता आलं नाही. आता धाकटा भाऊ रोज संध्याकाळी भिंतीवर बॉल मारतो, आणि घरात तोच प्रश्न परत निघालाय.