मागच्या सीटची तीन बकलं

नवी गाडी घेतली की पहिले काही आठवडे सगळे एकच विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" दुसरा प्रश्न आमच्या अर्नाळ्यातला स्पेशल: "डिकीवाली का घेतलीस गं? सगळ्या ओला-उबरवाल्यांकडे हीच असते की!" गाडीचं नाव इथे सांगत नाही, कारण मला तिची जाहिरातही करायची नाही आणि तक्रारही. पेट्रोलवर चालणारी, चार मीटरच्या आत बसणारी कॉम्पॅक्ट सेदान आहे, एवढं पुरे. सहा महिने चालवतेय. सोमवार ते शुक्रवार मी विरार लोकलचीच, त्यामुळे गाडीचं राज्य शनिवार-रविवार.

आणि शनिवार-रविवारी अर्नाळ्यात गाडी चालवणं म्हणजे काय, ते इकडच्यांनाच माहीत. बीचवर आणि रिसॉर्टवर येणाऱ्यांच्या गाड्या, रिक्षा, समोरून अख्खा रस्ता व्यापून येणारी बस आणि मध्येच टोपली घेऊन रस्ता ओलांडणारी मावशी. अशा रस्त्यावर ही गाडी छान वागते. क्लच हलका, वळायला सोपी, आगाशीच्या बाजारातून सहज निघते. पाच जण बसले की उंच स्पीडब्रेकरवर पोट घासतं, तेव्हा तिरकी काढावी लागते. बोंबील वाळत घातलेत तिथून जाताना एसीचं आतली हवा आतच फिरवायचं बटण वेळेत दाबायचं (पाहुणे असतील तरच. आपल्याला काय, सवय आहे!). खाऱ्या हवेमुळे गाडी खालूनही धुवावी लागते. झाले माझे इम्प्रेशन्स.

पण हे सगळं ड्रायव्हरच्या सीटवरून. गाडीचे रिव्ह्यूसुद्धा बहुतेक तिथूनच लिहिलेले असतात. खरं सांगायचं तर ही गाडी आम्ही घेतली मागच्या सीटसाठी. आईचे गुडघे, आजीचं वय, पप्पांचं डॉक्टरांकडे जाणं. डिकीवाली गाडी घेणाऱ्या बहुतेक घरांचं गणित हेच असावं.

ही गाडी अशी आखूड शेपटीची का दिसते, त्याची गोष्ट मजेशीर आहे. २००६ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरची एक्साइज २४ टक्क्यांवरून १६ वर आणली. छोटी म्हणजे लांबी चार मीटरपर्यंत, इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल असेल तर १५०० पर्यंत. झालं, कंपन्या पट्टी घेऊन बसल्या! २००८ मध्ये टाटांची इंडिगो सीएस चार मीटरच्या आत बसून आली. डिझायर त्याच वर्षी आली तेव्हा ४१६० मिलिमीटर होती. २०१२ मध्ये ती ३९९५ ची झाली आणि डिकी ४४० लिटरवरून ३१६ वर उतरली. म्हणजे कात्री चालली ती डिकीवर, मागच्या सीटवर नाही. मागे बसणाऱ्याचे गुडघे कापले तर गाडी कोण घेणार? पुढे एक्साइज जाऊन जीएसटी आला, तरी रेघ तिथेच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेघेच्या आतल्या गाडीला १८ टक्के आणि बाहेरच्या गाडीला ४० टक्के. थोडक्यात, गेली वीस वर्षं सरकार लांबी मोजतंय आणि कंपन्या मागची सीट सांभाळतायत. टॅक्सीवाल्यांना ही गाडी आवडते तीही त्याच सीटमुळे, त्यामुळे टोमण्याचं मला वाईट वाटत नाही. दिवसभर माणसं नेणाऱ्याला मागची सीट कशी हवी, ते आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आता मुद्द्यावर येते. ज्या सीटसाठी आपण एवढे पैसे मोजतो, त्या सीटवर बसल्यावर आपण बेल्ट लावत नाही.

आजकाल गाडी घेताना लोक "किती स्टार?" असं विचारायला लागलेत, ही चांगलीच गोष्ट आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपचे मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच स्टार मिळाले, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवरही ती बातमी तीनदा फिरली. पण ते स्टार कसे मोजतात, हे एकदा बघा. समोरून धडकेची टेस्ट होते ताशी ६४ किलोमीटरला. मोठ्या माणसांचे दोन पुतळे पुढच्या सीट्सवर, बेल्ट लावून बसवलेले. मागे असतात ते दोन लहान मुलांचे पुतळे, तेही चाइल्ड सीटमध्ये. मागच्या सीटवर बेल्ट न लावता, मांडीवर नातवंड घेऊन बसलेल्या आजीचा पुतळा त्या टेस्टमध्ये नसतो. तिच्यासाठी कोणी स्टार दिलेलेच नाहीत!

इंजिनियर असल्यामुळे थोडं बारावीचं फिजिक्स. ताशी ५० च्या वेगात गाडी एकदम थांबली, तर बेल्ट न लावलेला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. तो वेग म्हणजे साधारण दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडताना येणारा वेग. "मी हाताने धरून बसेन" हे तिसऱ्या मजल्यावरून पडताना जेवढं उपयोगाचं, तेवढंच इथेही. आणि मागचा माणूस पुढच्या सीटवर आदळतो, म्हणजे बेल्ट लावून बसलेल्या पुढच्यालाही त्याचा मार बसतो. मांडीवरच्या बाळाचं तर बोलायलाच नको.

हे फार लांबचं नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात, मुंबई-अहमदाबाद हायवेवर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ ला सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी, नामांकित. पुढचे दोघं जखमी झाले पण वाचले, मागचे दोघं गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर काही दिवस सगळे बेल्टवर बोलत होते, मुंबईत पोलिसांनी नोव्हेंबरपासून सगळ्यांना बेल्ट सक्तीचा केला. कायदा तर आधीपासून होताच. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत मागच्यांनाही बेल्ट सांगितलाय, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड हजार रुपये. मग बोलणं थांबलं.

बेल्ट का लावत नाहीत, याची आमच्या घरातली कारणं ऐका. आई: "पदर चुरगळतो." आजी: "पोटाला आवळतं गो." पप्पा: "विरारपर्यंत तर जायचंय, हायवे थोडाच आहे?" यातलं प्रत्येक कारण खरं आहे, त्यामुळे हसून चालत नाही. पोटाला आवळतं कारण पट्टा पोटावर घेतलेला असतो. तो खाली, कंबरेच्या हाडावर बसवला की आवळत नाही, आणि धडकेत पोटाला इजाही कमी होते. पदर आधी नीट करून मग वरचा पट्टा खांद्यावरून घेतला की चुरगळत नाही. पप्पांना मात्र तिसऱ्या मजल्याचंच उदाहरण द्यावं लागलं. ५० चा वेग गाठायला हायवे लागत नाही, रात्री बोळींजला रस्ता मोकळा मिळाला तरी पुरतो.

पण सगळ्यात चीड आणणारं कारण वेगळंच आहे. बऱ्याच गाड्यांत मागची बकलं सापडतच नाहीत! गाडी शोरूममधून निघते ती थेट ॲक्सेसरीजवाल्याकडे, आणि तो जाडजूड सीटकव्हर चढवताना मागची बकलं खाली दाबून टाकतो. नातेवाइकांच्या गाडीत बसले की मी सीटच्या फटीत हात घालून शोधत बसते आणि सगळे माझ्याकडे बघत बसतात. कित्येकांना तर बेल्ट लावला नाही म्हणून वाजणारी पीं-पीं बंद करायची खोटी क्लिप हवी असते. अशा क्लिपा विकू नका, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२३ मध्ये मोठ्या ऑनलाइन दुकानांना बजावावं लागलं. म्हणजे गाडी वाचवायला बघतेय आणि आपण पैसे खर्च करून तिचं तोंड बंद करतोय.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीसाठी एवढं लेक्चर? पण बघा ना, सनरूफसाठी आपण लाखभर जास्त देतो, अलॉय व्हीलसाठी घरात भांडतो. मागचा बेल्ट फुकट मिळालाय, आणि तो आपल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसांसाठी आहे. मोठ्यांना "बेल्ट लावा" सांगणं उद्धटपणा वाटतो, हे कबूल. पण त्यासाठी नियम सोपा आहे: गाडी ज्याच्या हातात, त्याचं ऐकायचं. आमच्याकडे सगळ्यांचं 'टक' ऐकू आल्याशिवाय मी पहिला गियर टाकत नाही. पहिले दोन आठवडे कुरकुर झाली. आता आजीच विचारते, "सगल्यांनी लावला का?"

असो. या रविवारी गाडी धुवाल तेव्हा मागच्या सीटचं कव्हर जरा उचलून बघा. मागे तिघं बसत असतील, तर वर तीन बकलं दिसली पाहिजेत.