धावा आणि धावपळ

आषाढीच्या आधी आमच्या वेळापूरला माणसं खरोखर धावत येतात. माउलींची पालखी माळशिरसहून निघते, खुडूसला रिंगण होतं आणि वेळापूरची टेकडी आली, की दिंड्या उतारावरनं पळत सुटतात. तुकोबांना इथनं पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, अशी आख्यायिका. म्हणून हा 'धावा'. सत्तरीच्या म्हाताऱ्यासुद्धा लुगडं सावरत पळतात.

तेव्हा धावण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो आपल्या रोजच्या धावपळीला.

"तुम्ही गावाकडची माणसं निवांत," असं शहरातले पाहुणे म्हणतात. कसली निवांत? ऊसतोड आली, की दिवस-रात्र कळत नाही. कॅनॉलच्या पाण्याची पाळी मध्यरात्रीही येते. हुरडा पार्टीला आलेल्यांना चुलीवरची भाकरी गोड लागते, पण ती थापणारी बाई पहाटेपासनं उभी असते. गावात निवांतपणा आणि शहरात घाई, ही थाप आहे. घाई आता दोन्हीकडं सारखीच.

पालखी वेळापूरला मुक्काम करते, मग भंडीशेगाव, मग वाखरी आणि चौथ्या दिवशी पंढरपूर. मोटारीला चौपदरी रस्त्यानं तेवढ्याच वाटेला पाऊण तासही लागत नाही. रस्ता झाला हे बरंच झालं. आजारी माणूस लवकर दवाखान्यात पोचतो. माझा सवाल एवढाच, की वाचलेला वेळ गेला कुठं? मोटार घेतली, मोबाईल घेतला, मोटारसायकलवर शेतात जायला लागलो आणि "वेळच मिळत नाही" हे बोलणं वाढलंच.

हे मी दुसऱ्याला शिकवत नाही. आमचे आण्णा संध्याकाळी अर्धनारीनटेश्वराच्या देवळात जाऊन बसायचे. यादवांच्या काळातलं दगडी देऊळ, दिवसभराचं ऊन मुरलेली फरशी. मी पुण्याहून आलो, की म्हणायचे,

"चल की रं, वाईच टेकू देवळात."

"आण्णा, नऊच्या आत पोचायचंय. पुढच्या बारीला."

"बरं, जा बाबा. सावकाश जा."

अशा किती बाऱ्या गेल्या, मोजल्या नाहीत. आण्णा गेल्यावर दहाव्याचं उरकून मी एकटाच त्या फरशीवर टेकलो. ऊन उतरलं होतं, पण दगड अजून कोमट होता. त्यांना एवढंच दाखवायचं असेल, किंवा काहीच दाखवायचं नसेल. नुसतं बसायचं असेल. त्या दिवशी नऊच्या आत पोचून मी पुण्यात काय केलं, ते आज आठवतसुद्धा नाही.

धावा करणारा वारकरी आधी आळंदीपासनं पायी चाललेला असतो. वाटेत जेवतो, अभंग म्हणतो, अनोळखी माणसाच्या पाया पडतो. कुठं जायचंय ते त्याला ठाऊक असतं. म्हणून त्याचं धावणं आनंदाचं. आपण घरातनं निघतो तेच पळत, पोचतो आणि लगेच परतीचं बघतो.

"कामं कोण करणार?" असं कुणी विचारील. कामं करायचीच. धार काढायला उशीर करून चालत नाही, हे मलाही कळतं. पण चहाचा एक कप बसून प्यायल्यानं कुणाचं रान पडीक पडलेलं मी पाहिलं नाही.

घरातलं म्हातारं माणूस "वाईच टेक" म्हणालं, तर गाडीची किल्ली खिशात घाला आणि टेका. पुढच्या बारीचा भरवसा मीही धरला होता.