उतरायचे दुसऱ्या दाराने

आपल्याकडे देवळात गेल्यावर नुसता नमस्कार करून माणूस परत फिरत नाही. प्रदक्षिणा घातल्यावरच दर्शन पुरे झाले असे मानतो. त्र्यंबकेश्वरला तर श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी हजारो माणसे अख्ख्या ब्रह्मगिरीलाच फेरी घालतात. डोंगराला सगळ्या अंगांनी पाहायचे, ही आपली जुनी रीत. मग गडावर जाताना ती आपण का सोडतो? ज्या वाटेने चढलो त्याच वाटेने घाईघाईने खाली, आणि 'गड सर केला' म्हणून मोकळे!

हे सारे मनात येते ते रतनगडामुळे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातला, भंडारदऱ्याच्या जलाशयामागे उभा असलेला हा गड दिवसभराच्या फेरीसाठी जणू मुद्दाम घडवलेला आहे. पायथ्याच्या रतनवाडीतले अमृतेश्वराचे कोरीव मंदिर पाहायचे, प्रवरेच्या काठाकाठाने दाट झाडीत शिरायचे आणि सुमारे तीन तासांत लोखंडी शिड्यांखाली पोहोचायचे. शिड्या चढल्या की गणेश दरवाजा. पुढे गुहा, पाण्याची टाकी, राणीचा हुडा नावाचा पडका बुरूज. आणि सर्वांत वर नेढे, म्हणजे कड्याला आरपार पडलेले भोक. त्यात बसले की वारा अंगावरची टोपी राहू देत नाही. पावसाळा सरताना माथा सोनकीने पिवळा होतो. आकाश निवळ असले तर समोर अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाई. दशम्या, चटणी नि कांदा सोडायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आणि इथूनच बहुतेक मंडळी माघारी फिरतात. सप्टेंबरातल्या रविवारी शिडीवर काय होते ते जाणाऱ्यांना ठाऊक आहे. चढणारे खाली ताटकळतात, उतरणारे वर. ओल्या पायऱ्या, पाठीवर पिशव्या, मध्येच घाबरलेले एखादे पोर. शिडी एकेरी, तिच्यावर येणे-जाणे मात्र दुहेरी! वास्तविक नेढ्यापलीकडे थोडे उतरले की त्र्यंबक दरवाजा लागतो. कातळात खोदलेल्या अरुंद, उंच पायऱ्या. त्या उतरून कड्याच्या पोटाशी आडवे जायचे, रानातून साम्रदला यायचे आणि जलाशयाच्या कडेच्या सडकेने रतनवाडी गाठायची. मिळेल तर जीपने, नाहीतर पायी. गड बांधणाऱ्यांनी एकाहून अधिक दरवाजे ठेवले ते काही शोभेला नव्हे. एक वाट अडली तर दुसरी असावी, हा त्यांचा साधा हिशेब होता.

गर्दीपेक्षाही मला चिंता वाटते ती वाटांची. वाट ही माणसांच्या पावलांनीच राहते. चार पावसाळे कोणी गेले नाही की कारवी माजते, दगड सुटतात, वाट मोडते. आमच्या वाटाड्याने कोयत्याने फांद्या सारत सांगितले होते की, त्याच्या आजाला या रानातली प्रत्येक वाट अंधारातही सापडे. त्याच्या मुलाला मात्र शिडीची तेवढी ठाऊक. का ठाऊक असावी? सगळे पाहुणे तिथेच येतात, चहा-भाकरीचे चार पैसेही तिथेच मिळतात. वाट मोडली की तिच्यावरच्या पाणवठ्यांची, झाडांची, ठिकाणांची नावेही जातात. ती नावे कोणत्याही नकाशात नाहीत.

कोणी म्हणेल, अहो, शिडीला कठडे तरी आहेत. पोराबाळांना अनोळखी रानात कशाला नेता? शंका रास्त आहे. भर पावसात किंवा धुक्यात त्र्यंबक दरवाजाच्या वाटेला जाऊच नये. थंडीत दिवस लहान, म्हणून सहाला निघावे आणि दुपारी एकच्या सुमारास उतरायला लागावे. गुडघे दुखणाऱ्याने शिडीनेच परतावे; त्यात कमीपणा कसला? बाकीच्यांनी मात्र गावातला वाटाड्या घ्यावाच, आणि त्याच्या दिवसभराच्या मजुरीत घासाघीस करू नये. शहरात एका जेवणावर त्याहून जास्त उडवतो आपण.

हा सारा मुलूख १९८६ पासून अभयारण्य आहे. वनखात्याने मनावर घेतले तर निदान गर्दीच्या रविवारी शिडी चढण्यापुरती ठेवता येईल, उतरणाऱ्यांसोबत साम्रद-रतनवाडीची जाणती माणसे देता येतील. नवे बांधकाम त्यासाठी नको. आणखी एक शिडी ठोकणे हा उपाय तर मुळीच नको. ती झाली की तिथेही रांग लागेल.

या बाजूने उतरताना एक गोष्ट हटकून घडते. सकाळपासून ओळखीचा झालेला गड अचानक परका दिसू लागतो. रतनवाडीकडून दिसणारा खुट्टा सुळका भलत्याच बाजूला सरकलेला असतो, नेढे कुठे ते शोधावे लागते. मुले तर त्यावरून भांडतात. साम्रदच्या पहिल्या घराशी पाणी मागितले की कोणीतरी विचारतेच, कुठून आलात? रतनवाडीहून, वरून, असे सांगितले की आतून गूळही येतो.