संशोधन जनतेच्या पैशाने, मालकी कोणाची?

विद्यापीठांनी उद्योगांशी हातमिळवणी करून संशोधन करावे आणि सरकारने त्यास द्रव्यबळ पुरवावे, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे. २०२३ च्या कायद्याने निर्माण झालेल्या ‘अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठाना’ची मांडणीही याच विचारावर आधारलेली आहे. पाच वर्षांच्या ५० हजार कोटींपैकी १४ हजार कोटी रुपये सरकारने द्यावेत व उरलेले मुख्यतः उद्योग आणि देणगीदार यांच्याकडून यावेत, अशी ती योजना होती. भांडवल कोणी किती घालावे, याची चर्चा झाली. फळ कोणाच्या पदरात पडावे, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

हा प्रश्न किती व्यवहारी आहे, हे कोव्हॅक्सिन लशीने दाखवून दिले. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने करोनाचा विषाणू वेगळा करून लसनिर्मितीसाठी भारत बायोटेकला दिला. ही संस्था भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजेच जनतेच्या पैशावर चालणारी. करारान्वये परिषदेला निव्वळ विक्रीवर ५ टक्के स्वामित्वधन मिळावयाचे होते. तरीही कंपनीच्या पेटंट-अर्जात परिषदेचे नाव नव्हते. ते अनवधानाने राहिल्याचे सांगून कंपनीने २०२४ मध्ये परिषदेस सहमालक म्हणून समाविष्ट केले. चूक दुरुस्त झाली, हे योग्यच. परंतु एवढ्या मातब्बर संस्थेच्या बाबतीत असे घडते, तर जिल्ह्याच्या गावातील विद्यापीठाची कथा काय?

अमेरिकेने १९८० च्या बाय-डोल कायद्याने सरकारी अनुदानातून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना घेऊ दिली. मात्र शोध धूळ खात पडल्यास किंवा लोकांच्या आरोग्याची गरज भागत नसल्यास तो अन्य उत्पादकास देवविण्याचा अधिकार सरकारकडे राखून ठेवला. आपल्याकडे याच धर्तीचे विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही.

जोखीम पत्करणाऱ्या उद्योगाला नफा मिळावा, यात वाद नाही. परंतु करदात्याने दोनदा किंमत का मोजावी? एकदा प्रयोगशाळेसाठी आणि पुन्हा औषधाच्या दुकानात? म्हणूनच मालकीतील वाटा, किमतीवरील बंधन आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचे अध्यापकांचे स्वातंत्र्य, या तीन गोष्टी अनुदानाचा पहिला हप्ता देण्यापूर्वीच लेखी ठरल्या पाहिजेत. खळ्यावर भांडण्यापेक्षा पेरणीपूर्वी वाटा ठरवावा, हे अर्धेलीने शेती करणाऱ्या शेतकऱ्यालाही ठाऊक असते.