काठावर जाऊन बोलणारा पोप



मे २०२५ मध्ये नवे पोप निवडले गेले आणि त्यांनी ‘लिओ चौदावे’ हे नाव घेतलं. मग पहिला लिओ कोण? जग त्याला ‘थोर लिओ’ म्हणतं. त्याची गोष्ट आपण पांढुर्णा-सौंसरकरांनी तर जरूर वाचावी.

काळ पाचव्या शतकाचा. आपल्याकडे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन राज्य करत होता. त्याचा एक ताम्रपट खुद्द पांढुर्ण्यात मिळाला आहे. तिकडे पश्चिमेचं रोमन साम्राज्य मोडकळीला आलं होतं. लिओ तेव्हा रोमच्या चर्चमध्ये डीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा अधिकारी. ४४० साली त्याला गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये पाठवलं. एक सेनापती आणि एक बडा अधिकारी यांच्यातलं भांडण मिटवायला. तो तिकडे असतानाच पोप वारले आणि रोमने त्यालाच निवडलं. भांडण मिटवायला गेलेला माणूस परतला तो पोप होण्यासाठी!

४५२ साली हूणांचा राजा अटिला उत्तर इटलीतली शहरं लुटत आला. बोलणी करायला तिघे गेले : दोन माजी उच्चपदस्थ आणि लिओ. मिंचो नदीजवळ भेट झाली आणि अटिला मागे फिरला. पुढे दंतकथा तयार झाली की, आकाशात तलवारी घेतलेले संत दिसले म्हणून तो घाबरला. राफाएलने व्हॅटिकनच्या भिंतीवर हेच चित्र काढलं. इतिहासकार सांगतात, अटिलाच्या फौजेत रोगराई होती आणि अन्नाचे हाल होते. तेही खरंच. पण समोर जाऊन बोलायला कुणीतरी लागलंच ना?

तीन वर्षांनी व्हँडलांचा राजा गायसेरिक रोमच्या दारात आला. सम्राट मारला गेलेला, सैन्य नाही. लिओ पुन्हा सामोरा गेला. या वेळी लूट थांबली नाही. ती चौदा दिवस चालली. सम्राज्ञी आणि तिच्या मुलींसह कित्येकांना कैद करून नेलं. पण जाळपोळ आणि कत्तल टळली, असं तेव्हाच्या नोंदी सांगतात.

लिओ सगळ्याच बाबतीत उदार नव्हता. रोममधल्या मानी पंथाच्या लोकांच्या त्याने चौकश्या लावल्या, त्यांचे ग्रंथ जाळले. हेही त्याच्या चरित्रात आहेच.

मला मात्र ४५५चा लिओ जास्त जवळचा वाटतो. सिस्टीम कोसळत असताना आम्ही इंजिनिअर आधी डेटा वाचवतो, बाकीचं मागाहून. त्यानेही माणसं आणि घरं वाचवायला पाहिली.

आता आपल्या जाम नदीकडे या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात, मधोमध पळसाचं झाड, त्यावर झेंडा, आणि गोटमार सुरू होते. दरवर्षी शेकडो जखमी होतात. आजवर जीवही गेले आहेत. जमावबंदी लावून झाली, रबरी चेंडू देऊन झाले. लोकांनी गोटेच उचलले. ‘परंपरा बंद करा’ आणि ‘हात लावू नका’ या दोन टोकांपुढे चर्चा जात नाही.

लिओच्या गोष्टीतून मला एवढंच दिसतं, की सगळं थांबवता येत नसेल तर काय वाचवता येईल ते मागावं. लहान मुलं काठापासून दूर राहावीत. गोफण वापरू नये. दारू पिऊन कुणी उतरू नये. झेंडा राहू द्या, चंडीमातेची पूजा राहू द्या. पण हे सांगायला बाहेरचा अधिकारी पुरणार नाही. दोन्ही काठांवर ज्यांचा शब्द चालतो, ज्यांची सोयरीक पलीकडच्या गावात आहे, अशा आपल्याच वडीलधाऱ्यांनी पोळ्याच्या आधी एकत्र बसायला हवं.

गोटे कदाचित थांबणार नाहीत. पण कुणाच्या तरी पोराचा डोळा वाचेल. त्या घरासाठी ते पुरेसं आहे.

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. भेटू पुढच्या अंकात!